आयकॉनांचं बिऱ्हाड

संगणकाच्या पडद्याला ‘डेस्कटॉप’, म्हणजे टेबलाचा माथा, असं ज्यानं म्हटलं त्याचं टेबल मला एकदा बघायचं आहे. १९८१ साली झेरॉक्सच्या ‘स्टार’ यंत्रानं कागद, फायली, टपालाचे ट्रे यांची चित्रं पडद्यावर मांडून ही कल्पना बाजारात आणली. पण टेबल भिंतीकडून खिडकीकडे सरकवलं, म्हणून त्यावरची दौत काही उडी मारून दुसऱ्या टोकाला जात नाही! आमच्याकडे जाते.

लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडला, की आयकॉन मंडळी ऐसपैस ब्लॉकात राहायला जातात. उजव्या कोपऱ्यात आईच्या औषधांची यादी, खाली लाइटबिल. वायर काढली, की सारं बिऱ्हाड पुन्हा चाळीतल्या दोन खोल्यांत! कडेची मंडळी मग जागा मिळेल तिथं डावीकडच्या रांगांत घुसतात. पुन्हा वायर जोडा, परत जायचं नाव नाही. ‘ऑटो अरेंज’ची खूण काढलेली असली तरी तेच.

उपाय आहे. ‘डेस्कटॉप-ओके’ नावाचा फुकट प्रोग्राम मांडणी जपून ठेवतो. बटण दाबलं, की जो तो आपापल्या पाटावर.

हे कौतुक मी आईला सांगितलं. नव्या घरात येऊन तिला पाच वर्षं झाली. अजून रात्री पाण्यासाठी उठली, की अंधारात तिचा हात जुन्या घरातल्या माठाच्या दिशेनं जातो.

ती म्हणाली, “माझ्यासाठीही बघ की रे असलं एखादं बटण.”