पन्हाळा ते कोल्हापूर, सूर्य ते मित्र

पन्हाळा,
वैशाख अमावास्या

प्रिय स्नेही,


सूर्यमालेच्या विस्ताराशी ताडून पाहता तारे किती दूर ठरतात, हा आपल्या पत्रातील प्रश्न जुनाच असून सिद्धान्तग्रंथांनी त्याला आकड्यात उत्तरही दिलेले आहे. सूर्यसिद्धान्तात नक्षत्रकक्षा सूर्यकक्षेच्या ६० पट मानली आहे आणि आर्यभटाचे प्रमाणही तेच आहे; म्हणजे शनीची कक्षा ओलांडून जवळजवळ तेवढेच अंतर आणखी गेले की नक्षत्रे लागतात, अशी ती विश्वरचना होती. या आकड्याला हसणे न्यायाचे नव्हे, कारण ताऱ्याचे अंतर मोजण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते.

ते साधन म्हणजे पराशय. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना सहा महिन्यांत कक्षेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते, तेव्हा जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसतो, आणि या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. नरतुरंग तारकासमूहातील मित्र, म्हणजेच अल्फा सेंटॉरी, ही सूर्याची सर्वांत जवळची शेजारीण तारकाप्रणाली. तिच्या बाबतीतही हा कोन सुमारे पाऊण विकलाच भरतो, आणि विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. डोळ्यांना एकच दिसणारा मित्र वस्तुतः जोडतारा आहे, हे रिशो या जेझुइट पाद्र्याने १६८९ मध्ये पुदुच्चेरीहून दुर्बिणीतून पाहिले होते. परंतु त्याचे अंतर कळण्यास हेंडरसन या खगोलवेत्त्याने केप ऑफ गुड होप येथे १८३२-३३ मध्ये घेतलेले वेध १८३९ मध्ये प्रसिद्ध व्हावे लागले, आणि तोवर बेसेल या दुसऱ्या खगोलवेत्त्याने हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे अंतर सांगून पहिलेपणाचा मान पटकावला होता.

मित्राचे अंतर ४.३७ प्रकाशवर्षे आहे. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर सुमारे ८ मिनिटांत आणि नेपच्यूनवर सुमारे ४ तासांत पोचतो, त्याच प्रकाशाला तेथे जाण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. पृथ्वी-सूर्य अंतराची, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटरची, ही जवळजवळ पावणेतीन लाख पट होते. पन्हाळ्याच्या तीन दरवाजापाशी खसखशीच्या दाण्याहूनही लहान असा सूर्य ठेवला, तर पृथ्वी त्यापासून साडेसहा सेंटिमीटरवर व नेपच्यून दोन मीटरवर येईल, आणि मित्र मात्र सरळ रेषेत सुमारे १८ किलोमीटर दूर, थेट कोल्हापूर शहरात पडेल. पराशय मोजणे म्हणजे कोल्हापुरात उभे राहून गडावरील १३ सेंटिमीटरची पट्टी किती रुंद दिसते ते ठरवणे होय. हेंडरसनचे कसब येथे ध्यानात येते. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ हे यान याच मापाने अद्याप दाण्यापासून ११ मीटरच्या आसपास आहे.

अर्थात सूर्यमाला नेपच्यूनपाशी संपते असे मानले तरच ही तुलना इतकी विषम दिसते. धूमकेतूंचे उगमस्थान मानला जाणारा ऊर्टचा मेघ पृथ्वी-सूर्य अंतराच्या लाखभर पटीपर्यंत पसरला असावा, असा खगोलशास्त्रज्ञांचा तर्क आहे. तो कोणी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पण तो गणनेत धरल्यास सूर्याचे राज्य गडावरून साडेसहा किलोमीटरपर्यंत पोचते, आणि मग दोन ताऱ्यांमधील जागेला सर्वस्वी रिकामी म्हणणे अवघड होते.

मित्र पाहण्यास पुण्या-मुंबईपेक्षा पन्हाळा सोयीचा आहे, कारण तो अधिक दक्षिणेस, सुमारे १६.८ अक्षांशावर असल्याने तारा क्षितिजापासून १२ अंशांपर्यंत चढतो. मे महिन्याच्या मध्यास रात्री अकरा-बाराच्या सुमारास, दक्षिण क्षितिज मोकळे असलेल्या तटावरून, त्रिशंकूच्या डावीकडे मित्र व मित्रक ही ठळक जोडी दिसते, आणि तिच्यातील डावा तारा तो मित्र. येणे झाल्यास मृगाच्या आधी व्हावे. पुढे पाऊस व धुके यांमुळे गडावरून समोरचे झाडही धड दिसत नाही.