बिनशास्त्राचा दागिना

केसांत घालायच्या पट्ट्याला आमच्या गावात 'बेल्ट' म्हणतात. पुण्यामुंबईच्या मुली त्याला 'हेअरबँड' म्हणतात, आणि दुकानदार दोन्ही म्हणतो; कारण त्याला दोघींनाही तो विकायचा असतो. कमरेचाही बेल्ट आणि डोक्याचाही बेल्ट, यात कुणाला काही वावगे वाटत नाही. आपल्या बायकांच्या केसांसाठी मराठीत शब्दांची केवढी श्रीमंती आहे! अंबाडा, खोपा, वेणी, गजरा, मूद, राखडी, केतक, आकडे, गोंडे. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात या बिचाऱ्याला स्वतःचे नाव म्हणून नाही. उसन्या नावावर तो दिवस काढतो. पण नाव नाही म्हणून त्याच्याभोवती नियमही नाहीत, आणि हे त्याचे मोठेच भाग्य आहे असे मला वाटते.

नियम नाहीत म्हणताना शाळा वगळायला हवी. मी शाळेत शिकवते आणि मुलींच्या गणवेशाची तपासणी माझ्याकडे असते. नियम सोपा आहे: लांब केसांच्या दोन वेण्या वर बांधायच्या, पांढऱ्या रिबिनी लावायच्या, केस कापलेले असतील तर काळा बेल्ट. नियम करणाऱ्या गृहस्थांनी 'काळा' हा शब्द लिहिला तेव्हा विषय संपला असे त्यांना वाटले असणार. काळ्या रंगात किती रंग असतात, हे त्यांना चौदा वर्षांच्या मुलीला विचारायला हवे होते. काळा मखमली, काळा साटिनचा, काळा चकचकीत, मधोमध गाठ मारलेला काळा, आणि काळ्यावर काळेच बारीक मणी बसवलेला, की जे उन्हात गेल्याशिवाय दिसतच नाहीत! "बाई, काळाच आहे ना?" असे म्हणून ती मुलगी माझ्यापुढे डोके वाकवते. काळाच असतो. मी पुढच्या मुलीकडे वळते. गणवेशात नखशिखान्त सारख्या दिसणाऱ्या साठ मुलींत दोन बोटांची रुंदी जर एकीने स्वतःसाठी राखली असेल, तर ती तिच्याकडून काढून घेण्याइतके माझे शिक्षण झालेले नाही.

बेल्ट निवडायचा कसा, हे मी या मुलींकडूनच शिकले. साडी डोळ्यांनी निवडतात. बेल्ट चपलेसारखा, अंगाला लावून निवडावा लागतो. दुकानात तो डोक्यात घालून पाच मिनिटे उभे राहावे. दुकानदार घाई करील, करू द्यावी. पाच मिनिटांत कानांमागे टोके रुतू लागली, तर समजावे की हा दुपारपर्यंत कानशिले धरायला लावणार. हातांनी थोडा फाकवून सोडला की तो मूळच्या आकाराला यायला हवा. नुसताच फाकून राहणारा आठवड्यात ढिला होतो. केस विरळ आणि गुळगुळीत असतील तर चकचकीत प्लास्टिकच्या वाटेस जाऊ नये. तो जेवताना ताटात उतरतो. अशा केसांना कापड गुंडाळलेला किंवा आतून बारीक दाते असलेला बरा. दाट केसांना अरुंद पट्टी पुरत नाही, रुंद लागते. आणि घालायचीही रीत आहे: कपाळापासून केसांवरून मागे न्यायचा आणि मग बोटभर पुन्हा पुढे आणायचा, म्हणजे पुढचे केस किंचित उचलले जातात आणि चेहरा उघडा पडतो. कपाळ मोठे असेल तर आणखी थोडा पुढे, लहान असेल तर मागे. ही एवढी बोटभर हालचाल, पण तिने माणूस झोपेतून उठल्यासारखे दिसते की कुठे निघाल्यासारखे, हे ठरते.

वस्तू मात्र दिसते तेवढी पोरकट नाही. अलेक्झांडरच्या नंतरचे ग्रीक राजे मुकुटाऐवजी डोक्याभोवती कापडी पट्टी बांधत. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षूला प्रश्न विचारणारा जो मिलिंद राजा आहे, त्याच्या काही नाण्यांवर ही पट्टी स्वच्छ दिसते. तिची दोन टोके मानेवर लोंबत असतात. इंग्लंडात या पट्ट्याला ॲलिसचे नाव आहे. लुइस कॅरोलचे ॲलिसवरचे दुसरे पुस्तक १८७१ साली निघाले, त्यात जॉन टेनिएलने चित्रे काढताना तिच्या केसांत पट्टा घातला, आणि गोष्टीतल्या मुलीचे नाव दुकानातल्या वस्तूला चिकटले. पुढे १९१९ साली विम्बल्डन जिंकणाऱ्या फ्रान्सच्या सुझान लेंग्लेनने खेळताना डोक्याला रुंद पट्टी बांधायला सुरुवात केली, आणि ज्यांनी उभ्या जन्मात रॅकेट धरली नाही अशा बायकाही पट्ट्या बांधून चहाला जाऊ लागल्या. राजा, गोष्टीतली मुलगी, टेनिस खेळणारी बाई: यांना एका दोऱ्यात ओवणारी दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही.

आपल्याकडेही कपाळाला बांधायची वस्तू आहे, मुंडावळ्या. पण तिला मुहूर्त लागतो, भटजी लागतात, मंगलाष्टके लागतात. एक दिवस बांधायची आणि मग कपाटात. कुंकू, मंगळसूत्र, जोडवी, हिरव्या बांगड्या, डोक्यातला गजरा, आपल्या बाईच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूला असे शास्त्र आहे. ती कुणी घालायची, कधीपासून घालायची आणि, मुख्य म्हणजे, कधी काढायची.

माझ्या वहिनींचा गजरा तीन वर्षांपूर्वी गेला. दादा गेला तेव्हा त्या सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. आमच्या घरात त्यांना कुणी एका शब्दाने काही म्हटले नाही. म्हणायची गरजच पडली नाही, अशा गोष्टी न सांगता होतात. त्या एका पतसंस्थेत काम करतात. संध्याकाळी स्टँडवरून चालत घरी येताना गजरेवाली मावशी वर्षानुवर्षे त्यांना हाक मारीत असे. आता वहिनी दिसल्या की ती टोपलीतला ओला फडका सारखा करू लागते. तिच्या मनात वाईट काहीच नसते. उलट आपण हाक मारली तर यांना लागेल, हा तिचा विचार. संक्रांतीची बोलावणीही अशीच, कुणाचे मन न दुखवता, बंद झाली.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करायला सांगितले. मी तो ठराव वर्गात मुलींना वाचून दाखवला होता. फार मोलाचे काम आहे ते. पण बांगडी फोडणारा हात ठरावाने धरता येतो. टोपलीकडे वळलेली नजर कशी धरायची?

गेल्या वर्षी दिवाळीच्या खरेदीला आम्ही तिघी पुण्याला गेलो होतो, वहिनी, माझी भाची आणि मी. तुळशीबागेत राममंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत दिवाळीच्या आधी माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दी त्याला चालवते. भाचीला बेल्ट घ्यायचा होता. ती एकेक घालून पाहत होती आणि नको असलेले वहिनींच्या हातात देत होती. हात भरले तेव्हा तिने एक गडद हिरवा मखमली बेल्ट सरळ आईच्या डोक्यात अडकवून दिला, खुंटीवर अडकवावा तसा. दुकानातला पोरगा जेमतेम अठराचा. त्याने आरसा उचलून वहिनींपुढे धरला आणि म्हणाला, "काकू, यात मरून पण आहे."

वहिनींनी आरशात पाहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मागून ढकलाढकली चालली होती. त्या पोराने त्यांच्या कपाळाकडे पाहिले नव्हते, गळ्याकडे पाहिले नव्हते. त्याला समोर केस दिसत होते आणि त्याच्याकडे दोन रंग होते.

"केस फार तोंडावर येतात हो वन्सं, लिहिताना," वहिनी मला म्हणाल्या.

"मग घ्या की," मी म्हटले.

हिरवाच घेतला. सोमवारी तो घालून त्या कामावर गेल्या. शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या होत्या. पंचाहत्तरीच्या आहेत, गल्लीतले सगळे रीतिरिवाज त्यांना तोंडपाठ. त्यांनी वहिनींना आपादमस्तक न्याहाळले, आणि मला स्पष्ट दिसले की त्या मनातल्या मनात शोधत आहेत. पोथ्या चाळल्या, सासूने सांगितलेले आठवून पाहिले, माहेरचे, सासरचे. कुठेच काही सापडेना.

"हे काय गं?"

"बेल्ट, काकू. केस डोळ्यांवर येतात."

"हं," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "घसरत नाही वाटतं?"

"मखमलीचा नाही घसरत."

परवा यंदाच्या खरेदीची यादी केली. उटणे, पणत्या, वाती, रांगोळीचे रंग, भाचीचे ओढणीचे माप. यादी माझ्या अक्षरात आहे. सगळ्यात खाली, पेन बदलून, वहिनींच्या पतसंस्थेतल्या ठळक, वळणदार अक्षरात दोन ओळी वाढल्या आहेत: बेल्ट, मरून, १. आणि तिच्याखाली: काळा, रुंद, दाते असलेला, १ (शेजारच्या काकूंना).