दुर्रेसचे थोपिया

थोपिया घराण्याचा उदय अल्बेनियातल्या दुर्रेसच्या बंदरातून आणि तिथून शकुम्बीन नदीच्या खोऱ्यात शिरणाऱ्या रस्त्यातून झाला. थेसालोनिकी व कॉन्स्टँटिनोपलला जोडणारा रोमनांचा व्हिया एग्नाशिया मार्ग इथूनच निघे. बंदर फ्रान्सच्या राजवंशाची शाखा असलेल्या नापोलीच्या आँजू राजघराण्याकडे होते आणि थोपिया त्यांचे मांडलिक. १३५९ च्या सुमारास सत्तेवर आलेल्या कार्ल थोपियाने १३६८ मध्ये दुर्रेस घेतले. शहरातले रोमन प्रेक्षागार पर्यटकांसाठी ठीक. थोपियांच्या शोधात आलेल्याने तिथे फार रेंगाळू नये.

याच रस्त्यावरच्या एल्बासानचा किल्लाही घाईने ओलांडलेला बरा. तो ओटोमनांनी १४६६ मध्ये बांधला. जवळच्या शिजोन गावचा संत ग्योन व्लादिमिरचा मठ मात्र खरा मुक्काम. भूकंपाने पडलेला हा मठ कार्लने पुन्हा उभारला, आणि १३८१ च्या शिलालेखात ग्रीक, लॅटिन व स्लाव्ह भाषांत स्वतःला फ्रान्सच्या राजरक्ताचा म्हणवून घेतले.

हा दावा कुठून आला? नापोलीच्या आँजू घराण्यातल्या रॉबर्ट राजाची अनौरस मुलगी लग्नासाठी जहाजाने निघाली असता दुर्रेसला थांबली, कार्लचा बाप आंद्रेआ थोपिया याने तिला ठेवून घेऊन लग्न केले आणि पुढे राजाने समेटाच्या मिषाने दोघांना बोलावून ठार केले, अशी कथा अल्बेनियन सरदार ग्योन मुझाका सांगतो. वाटाड्यांना आवडावी अशीच ती आहे. पण मुझाकाने ती १५१० च्या सुमारास इटलीत, आपल्या मुलांसाठी लिहिली. घटनेला तोवर दीड शतकाहून अधिक काळ लोटला होता. म्हणून सगळेच रचलेले मानणे मात्र घाईचे. राजरक्ताचा दावा खुद्द कार्लच्या हयातीतला आहे. त्याने वंश सिद्ध होत नाही. मात्र आँजूंच्या बंदरावर वारस म्हणून हक्क सांगण्याची सोय नक्की होते.

घसरण बंदरापासूनच सुरू झाली. १३७६ मध्ये नव्हारच्या भाडोत्री सैन्याने दुर्रेस घेतले. १३८३ मध्ये कार्लने ते परत मिळवले, पण १३८५ मध्ये झेटाचा सत्ताधीश बाल्शा दुसरा याने ते जिंकले. तेव्हा कार्लने ओटोमनांना बोलावले, असे बहुतेक इतिहासकार मानतात. लुश्न्येजवळच्या सावराच्या लढाईत बाल्शा मारला गेला आणि दुर्रेस परत आले. ओटोमनांना मात्र वाट सापडली. कार्ल १३८८ मध्ये वारला. मुलगा ग्योर्ग याने १३९२ मध्ये दुर्रेस व्हेनिसला दिले. क्रूया शहर याच घराण्यातल्या निकेता थोपियाने १४०३ मध्ये मिळवले, पण १४१५ मध्ये त्याच्या मृत्यूबरोबर तेही ओटोमनांकडे गेले.