पांढरीची माती, आभाळाचे पाणी

इतिहास शिकविताना ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे दोन शब्द मी मुलांना हमखास समजावून सांगतो. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाणाची. गावकुसाची भिंत याच मातीची. तिची डागडुजी आमच्या पूर्वजांनी महारकीचे काम म्हणून केली, आणि राहिले ते भिंतीबाहेर.

आटपाडी तालुक्यातील आमचे घर आजोबांनी त्याच मातीचे भेंडे पाडून बांधले. दोन हात रुंद भिंती, वर तुळया, किलचण आणि त्यावर खाऱ्या मातीचा जाड थर, म्हणजे आमच्याकडचे माळवद. चैत्रातही आत गारवा असतो. तरीही मातीच्या घराचे कौतुक करताना माझी जीभ अडखळते. ज्यांना पर्याय होता त्यांनी ते खुशाल करावे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गोडव्यांचा घेतलेला समाचार मी दरवर्षी वर्गात सांगतो, आणि गळणारे माळवद व उंदरांची बिळे मला चांगली आठवतात. म्हणून धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, पाडू आणि स्लॅब टाकू,” तेव्हा ते मला गैर वाटले नाही. आपल्या समाजात पक्के घर ही प्रतिष्ठेची बाब आहे, आणि तिला कारण आहे.

निर्णय आईने फिरविला. “भिंतींनी काय घोडं मारलंय? आधी पाणी आणा,” ती म्हणाली.

ती पाण्यावर का आली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. तिच्या तरुणपणी आमच्या बायका गावच्या आडापासून दूर घागर घेऊन उभ्या राहत. कोणी वरून ओतले तर पाणी. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण, सातारा जिल्ह्यातले. त्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला १८६८ साली. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. आईची घागर त्यानंतरही चाळीस वर्षे ताटकळत होती.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे माण-आटपाडीला सुमारे पाचशे. पण एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचे छत साठ चौरस मीटरांचे, म्हणजे तीस हजार लिटर. उडणारे-सांडणारे वजा जाता चोवीस हजार.

माळवदावरचे पाणी मात्र गढूळ येते, आणि सौर पट्ट्यांचा भार जुन्या तुळयांवर टाकणे धोक्याचे. म्हणून गवंड्याने घराबाहेर दगडी पायावर लोखंडी खांब उभे केले आणि माळवदाच्या हातभर वर पत्रा घातला. भिंतींवर त्याचे वजन नाही, मातीला पाऊस लागत नाही, मधून वारा खेळतो. पन्हळीतले पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यायचे. नंतरचे वाळू-कोळशाच्या गाळणीतून जमिनीतल्या टाकीत. पत्र्यावर दोन किलोवॉटचे सौर पॅनेल आहे. सूर्यघर योजनेत त्याला साठ हजार रुपये अनुदान मिळते. भिंतींना सिमेंटचा गिलावा करू दिला नाही. तो आतला ओलावा कोंडतो, आणि माती आतल्या आत भुसभुशीत होते.

जाता जाता एक सांगतो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज यांचा कारभार पाहणारे, दामोदर खोऱ्याच्या योजनेत लक्ष घालणारे बाबासाहेब आपल्या जयंतीच्या भाषणांत फारसे भेटत नाहीत. भेटायला हवेत.

भावाने शेजारच्या मोकळ्या जागेत दोन स्लॅबच्या खोल्या काढल्या आहेत. त्यांची पन्हळही त्याच टाकीला जोडायची, असे ठरले आहे. पूर्वेच्या भिंतीचे लिंपण अजून बाकी आहे. दिवाळीच्या सुटीत वसतिगृहातील काही मुले ते शिकायला येणार आहेत. शेण आणि भुसा आईने आतापासूनच सांगून ठेवला आहे.