नामां गए, आवाजां हैं

अम्मीच्या आवाजातली 37 गाणी माझ्या पेन ड्राइव्हवर होती. हळदीची, पाळण्याची आणि तिने लहानपणी तिच्या आईच्या तोंडून जात्यावर ऐकलेली. सगळी आमच्या दखनीतली. 2019 च्या सुट्टीत मी ती मोबाईलवर रेकॉर्ड केली. अम्मी लाजायची. "ये क्या छापने का है?" म्हणायची. 2021 साली ती गेली.

पुढच्या वर्षी शाळेत सहामाहीच्या प्रश्नपत्रिका त्याच पेन ड्राइव्हवर घेत होतो. अर्ध्यात लाईट गेली. लाईट आल्यावर पाहिले, तर गाण्यांचे फोल्डर नव्हते. त्याच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हे आणि कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरे. उर्दू, मराठी, इंग्रजी अशा तीन लिपी मी रोज फळ्यावर लिहितो, पण ही चौथी मला वाचता येईना.

माझा एक जुना विद्यार्थी संगणक दुरुस्त करतो. त्याने फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम लावला. दोन तासांनी म्हणाला, "सर, नामां गए, आवाजां हैं."

मग त्याने समजावले. पेन ड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेला होता. या पद्धतीत फाईलचे नाव एका ठिकाणी, फाईलचे तुकडे दुसरीकडे आणि कोणत्या तुकड्यानंतर कोणता, हे तिसऱ्याच तक्त्यात. आमचे जनरल रजिस्टर जळाले तर मुले वर्गातच बसलेली असतील, फक्त कोण कुठला ते सांगता येणार नाही. तसेच हे. फोटोरेक नावे पाहतच नाही, फाईलच्या आतल्या खुणांवरून ती ओळखतो. म्हणून 31 गाणी परत आली, पण प्रत्येकाचे नाव म्हणजे 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा. ज्यांचे तुकडे विखुरलेले होते, त्यांतली काही मध्येच तुटली.

मी 1 टीबीची नवी हार्ड डिस्क घेतली. तेव्हा त्यानेच विचारले, "सर, कशात फॉरमॅट करू?" बी.एड.ला हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता.

फॅट32 बहुतेक सगळे वाचतात. मोबाईल, टीव्ही, गाडीतला टेप, शाळेतला जुना संगणक. पण 4 जीबीची एक फाईल त्यात मावत नाही. भाचीच्या निकाहचा व्हिडिओ घेताना डिस्क रिकामी असूनही "फाईल फार मोठी" असे उत्तर मिळायचे, त्याचे कारण आता कळले. 2006 साली आलेल्या एक्सफॅटमध्ये ही अडचण नाही आणि विंडोज, मॅक, आजचे बरेच मोबाईल ते उघडतात. फक्त लाईट गेली की तेही फॅट32 इतकेच उघडे पडते.

एनटीएफएस 1993 पासूनचे. त्याची एक सवय मला मास्तराची वाटली. टाचण काढल्याशिवाय ते वर्गावर जात नाही! कोणते नाव बदलायचे, कोणता तुकडा कुठे जोडायचा, याची नोंद आधी एका वहीत. मधेच लाईट गेली तर पुन्हा सुरू होताना ती वही बघून अर्धवट काम पुरे करायचे किंवा रद्द करायचे. लिहीत असलेल्या फाईलचा मजकूर त्यानेही वाचेलच असे नाही, पण रजिस्टर शाबूत राहते. लिनक्सच्या एक्स्ट4 मध्येही अशी वही असते. शाळेत लिनक्स आहे म्हणून मला त्याचा मोह होता. पण विंडोज ते थेट उघडत नाही, आणि माझ्या उर्दूच्या सगळ्या जुन्या फाईली इनपेजमधल्या, विंडोजवरच्या. शिवाय एक्स्ट4 मध्ये नाव 255 बाइट्सचे. उर्दू अक्षराला 2 बाइट लागतात, देवनागरीला 3, काना-मात्राही वेगळी मोजायची. म्हणजे मराठीत 85 चिन्हे संपली की नाव संपले. आपल्या लिपीला जागा जास्त लागते, हे असेही कळते.

शेवटी हार्ड डिस्क एनटीएफएस. ती घरातल्या कपाटात राहते, कुठे नेत नाही. आपाच्या मोबाईलला एनटीएफएस चालत नाही, म्हणून तिच्यासाठी दुसरा पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये. तिला बजावले आहे, काढताना आधी 'इजेक्ट' कर. ती करत नाही. म्हणून आणखी एक प्रत माझ्याकडे.

नावे द्यायला खालाला बोलावले. ती एकेक गाणे ऐके आणि सांगे, हे हळदीचे, हे रुख्सतीचे, हे तुझ्या वेळच्या पाळण्याचे. मी टाईप करत गेलो. तीन संध्याकाळी लागल्या. एका गाण्यात जात्याची ओळ मध्येच तुटते. खालाने पुढची ओळ म्हणून दाखवली आणि म्हणाली, "यही थी." मला आठवते ती अम्मीची ओळ वेगळी होती. कशी, ते आठवत नाही.

त्या फाईलचे नाव अजून 'एफ' आणि आकडाच आहे.