आधी नोंद, मग संशय

व्यापारी कुटुंबात चोपडीला पूर्वीपासून मान आहे. दिवसाचा मेळ लागल्याशिवाय दुकानाचे दार ओढू नये, ही शिकवण आपल्यापैकी बहुतेकांना वडीलधाऱ्यांकडून मिळालेली असते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि पाहता पाहता त्या चोपडीचे बरेचसे काम संगणकाकडे गेले. त्यामुळे दुकानातील संगणक मध्येच बंद पडू लागला, तर बिघाड एका यंत्रापुरता राहत नाही. बिल अर्धवट राहते, विवरणपत्राची तारीख जवळ येते आणि घरात आवाज चढू लागतात.

वारणानगर येथील आमच्या किराणा दुकानातील संगणक माझ्या पुतण्याने स्वतः जुळवलेला आहे. तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या या मुलाने कोल्हापुरातून सुटे भाग आणले आणि दोन दिवसांत यंत्र उभे केले. तयार संगणकापेक्षा ते स्वस्त पडले आणि दोन महिने उत्तम चालले. त्यानंतर मात्र ते दिवसातून एकदोनदा, कोणतीही सूचना न देता, एकाएकी बंद होऊ लागले. पुन्हा बटण दाबले की सुरू होई, जणू काही घडलेच नव्हते.

घरात संशय कोणावर गेला, हे सांगावयास नको. "कंपनीचा तयार संगणक घेतला असता तर ही वेळ आली नसती," असे दादा दिवसातून दोनदा तरी म्हणत. मुलगा उत्तर देत नसे. हळूहळू त्याने दुकानात बसणेच टाळले.

तरी रात्री दुकान बंद झाल्यावर तो शोध घेत असे. असे एकाएकी बंद पडणे पुष्कळदा यंत्राची स्वसंरक्षणाची रीत असते, हे त्याने मला समजावले. प्रोसेसरचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, की तो आपला वेग कमी करतो. तरीही उष्णता वाढत राहिली, तर जळून जाण्यापूर्वी संगणक स्वतःच बंद होतो. म्हणून पहिली तपासणी पंख्याची आणि धुळीची. वीजजोड काढून त्याने पेटी उघडली. आत कोपऱ्यात कोळ्याचे जाळे होते. वाऱ्याचा झोत मारण्याआधी त्याने मऊ कुंचल्याने कोळ्याला अलगद कागदावर घेतले आणि परसात सोडले. यत्नाचार पाठशाळेत शिकवला जातो. तो असा उपयोगी पडताना पाहून बरे वाटले.

सफाईनंतर तापमान मोजले. ते ४५ अंशांच्या वर जात नव्हते. म्हणजे दोष उष्णतेचा नव्हता. मग त्याने रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एकेक काढून पाहिली. पुढच्या बटणाची तारही सोडवून पाहिली. कारण ते बटण आत अडकून चार सेकंद दाबलेले राहिले, तरी संगणक बंद होतो. शेवटी मित्राकडून दुसरा एसएमपीएस आणून जोडला. स्वतःचा त्याने उघडला नाही. वीज तोडल्यावरही त्याच्या आत घातक भार साठून राहू शकतो. इतके करूनही यंत्र बंद पडतच राहिले.

तेव्हा आईने साधी गोष्ट सुचवली. "बाळ, दुकानाचा रोजमेळ लिहितोस, तसा या बंद पडण्याचाही लिही की." वही आली. वेळ, त्या वेळी चाललेले काम, तापमान आणि आजूबाजूला काय घडले, असे चार रकाने आखले. दुकानात जो असेल त्याने लिहायचे, असे ठरले.

नऊ दिवसांत वहीने बरेच सांगितले. कामाचा ताण असताना आणि यंत्र नुसते सुरू असताना, दोन्ही वेळा ते बंद पडले होते. रात्री मात्र कधीच नाही. संगणकाबरोबर पडद्याचा दिवाही विझत होता. म्हणजे दोष पेटीच्या बाहेर असण्याचा संभव होता. चौथ्या रकान्यात आईच्या अक्षरात तीन वेळा एकच नोंद होती : "ट्यूबलाइट लुकलुकली." शेजारच्या पिठाच्या गिरणीला ज्या दिवशी सुट्टी होती, त्या दिवसाचे पान कोरे होते.

मोटार सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट वीज खेचते आणि त्याच वाहिनीवरचा दाब क्षणभर घसरतो. हे कळताच दादा गिरणीवाल्यांशी बोलायला निघाले. पुतण्याने त्यांना थांबवले. त्याने संगणक थोडा वेळ थेट भिंतीतील वीजजोडावर चालवून दाखवला. गिरणी सुरू झाली, ट्यूबलाइट लुकलुकली. संगणक चालूच राहिला. इतकी घसरण तो सहज सोसत होता. मग त्याने संगणक बाजूला केला, यूपीएसला एक साधा बल्ब जोडला आणि भिंतीचे बटण बंद केले. बल्ब तत्क्षणी विझला.

यूपीएस पाच वर्षांपूर्वी दादांनीच आणलेला. १२ व्होल्टची छोटी शिसे-आम्लाची बॅटरी साधारण दोन ते चार वर्षे टिकते. ती कधीच निकामी झाली होती. विजेचा दाब घसरला की यूपीएस बॅटरीकडे वळे, तेथे काहीच नसे आणि संगणकाचा पुरवठा तुटे. पुढच्या क्षणी वीज सावरली की यूपीएसचा हिरवा दिवा पुन्हा लागे. तो दिवा पाहून त्याच्यावर कोणाचाही संशय गेला नाही. नवे ते कच्चे आणि जुने ते भरवशाचे, या समजुतीने सारे घर नव्या पेटीकडेच पाहत राहिले.

आपल्या शास्त्रात कार्याचे उपादान आणि निमित्त असा भेद केला आहे. घट मातीचा होतो, म्हणून माती उपादान. कुंभार आणि चाक ही निमित्ते. हा विवेक व्यवहारातही उपयोगी आहे. येथे शक्ती संपली होती ती बॅटरीची. गिरणीची मोटार केवळ निमित्त होती. निमित्तावर रोष धरला असता, तर शेजार दुखावला असता आणि संगणक मात्र बंद पडतच राहिला असता.

यंत्राला त्याच्या परिसरासह पाहावे, हा धडा वारणेच्या खोऱ्याला नवा नाही. सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेल्या या भागातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ७ गावांत ८ महिने प्रयोग करून उसाच्या माहितीचे तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशांवर चालवून दाखवले. ते स्वस्त पडले, सोयीचे ठरले आणि शेतकऱ्यांना अधिक आवडले.

नवी बॅटरी बसली आणि त्या महिन्याचे विवरणपत्र २० तारखेच्या आत भरले गेले. जुनी बॅटरी पुतण्याने विक्रेत्याकडे परत दिली. २०२२ च्या नियमांनुसार अशा बॅटऱ्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. आणि शिसे व आम्ल मातीत-पाण्यात गेल्यास किती जीवांची हानी होईल, हे आपल्या समाजाला सांगण्याची गरज नाही. पुढे क्षमावाणीच्या दिवशी मंदिरातून घरी आल्यावर दादांनी सर्वांत आधी मुलापुढे हात जोडले. "उत्तम क्षमा" एवढेच ते म्हणाले. मुलगा पुन्हा दुकानात बसू लागला आहे.

ज्यांच्या दुकानात असा संगणक आहे, त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. यूपीएसच्या बॅटरीवर खरेदीची तारीख शाईने लिहून ठेवावी आणि संगणक न जोडता अधूनमधून बल्ब लावून तिची परीक्षा घ्यावी. आणि काही बिघडलेच, तर एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम वहीत लिहावा. माणसाचे नाव घ्यायचे ते वही वाचून झाल्यावर.