दोन टक्क्यांची कैफियत

विपणनाच्या खात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने चाळिशीत संगणक-प्रणालीच्या सल्लागारीकडे वळावे, याचे माझ्या आप्तेष्टांना जेवढे नवल वाटले तेवढे ते वाटण्याचे वस्तुतः कारण नव्हते. कारण ज्या सवलती, योजना आणि दरपत्रके मी पूर्वी मोठ्या हौसेने जाहीर करीत असे, त्यांचाच अंमल बिलाच्या शेवटच्या रुपयापर्यंत कसा होतो हे पाहण्याचे काम आता माझ्याकडे आले होते. पगार प्रारंभी घटला, आणि वयाने पुष्कळच लहान असलेल्यांच्या हाताखाली शिकावे लागले. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

१९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी जर्मनीत जी एसएपी कंपनी स्थापन केली, तिच्या प्रणालीतील विक्री व वितरणाचा विभाग, आमच्या बोलीतला 'एसडी', माझ्या वाट्याला आला. संगणकाला अपवाद खपत नाहीत, ही विक्रीच्या माणसांची जुनी तक्रार. आणि येथे पाहतो तो दर शोधताना ही प्रणाली आधी या विशिष्ट ग्राहकाशी या विशिष्ट मालाचा काही निराळा दर ठरला आहे काय हे पाहते, नसल्यास ग्राहकाच्या गटाकडे वळते, आणि तेथेही काही न आढळल्यासच सर्वांना लागू असलेल्या दरपत्रकापाशी येते! हा क्रम, ज्याला 'ॲक्सेस सिक्वेन्स' म्हणतात, आपणच लावून द्यावयाचा असतो. परंतु विशेषाला सामान्याच्या आधी मान देण्याची सोय मुळातच केलेली आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की कोणता अपवाद कोणत्या सदरात नांदावा.

एका कंपनीच्या विक्रीपद्धतीची कैफियत उतरवून घेत असता, बिलिंग सांभाळणारे एक वयस्क गृहस्थ सहज म्हणाले, "कोल्हापूरच्या पार्टीला दोन टक्के जादा लावा, साहेब. पहिल्यापासून आहे." माझे तरुण सहकारी ते दोन टक्के सवलतीच्या तक्त्यात घालून मोकळे होणार होते, आणि प्रमुख सल्लागारांच्या मते तर असल्या वहिवाटी 'बेस्ट प्रॅक्टिस'च्या नावाखाली रद्दच करावयाच्या होत्या. (हा शब्द ज्याच्या तोंडी वारंवार येतो त्याने घाऊक बाजार सहसा पाहिलेला नसतो, असे माझे मत आहे.) मी विचारले, "माल न्यायला गाडी कोणाची येते?" जेथे कंपनीची गाडी पोचत नाही तेथे भाड्याचा बोजा व्यापाऱ्यावर पडतो आणि त्याची भरपाई सवलतीच्या नावाने होते, ही रीत मी बाजारात हिंडताना पाहिली होती. गाडी पार्टीचीच येत होती. सबब ती रक्कम मालाच्या किमतीवर न चालता वजनावर चालावी, हे उघड झाले. ती भाड्याच्या सदरात गेली, आणि कंपनीची गाडी तिकडे सुरू झाल्यास ती भरपाई कोणी बंद करावयाची हेही मसुद्यात नमूद झाले.

तारखेचा घोळ याहून अवघड. तीस तारखेला नोंदविलेली मागणी दोन तारखेला रवाना झाली तर दर कोणत्या दिवसाचा? १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा हा प्रश्न घरोघर पोचला. जूनमधील मागणीचा जो माल जुलैत निघाला, त्याचे करगणित नव्याने करावे लागले. एरवी मात्र विपणनखाते त्याकडे ढुंकून पाहत नाही.

मागे दिवाळीच्या सुमारास एका तरुण विपणन-अधिकाऱ्याने 'दहावर एक मोफत' असे रंगीत पत्रक माझ्यापुढे ठेवले.

"उद्यापासून सुरू करायचंय, सर."

अकरा नग जाऊन दहाचे बिल व्हावे, की दहा जाऊन नवाचे, असे मी विचारले. कारण प्रणालीत दोन्ही वाटा आहेत व त्या वेगवेगळ्या आहेत. ते त्यांनी तत्काळ सांगितले. मग मी विचारले, दहातले चार परत आले तर मोफत गेलेल्या नगाचे काय?

"हे आम्ही ठरवायचं?"

"तुम्हीच," मी म्हणालो, आणि पत्रक त्यांच्याकडे परत सरकवले.